कुंपणाला फॉल

हडर्सफील्डला, उतारावरच्या परसात
मार्चमधल्या एका सकाळी
मी कुंपणाच्या तळाशी अंगठा दाबला
आणि तो आत गेला,
चहात जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटात जावा तसा.

वरचं पाच फूट आठ इंच ठणठणीत.
गेले होते ते खालचे चार इंच,
जिथे ओली माती रात्रंदिवस
लाकडाला तोंड लावून बसते.

आमच्याकडे कुंपण शेत खातं म्हणतात.
इथे शेतानेच कुंपण खाल्लं होतं,
घाई न करता,
अकरा हिवाळे.

कीरन नावाचा गोदामातला पोरगा म्हणाला,
लाकडी घ्या, औषध पाजलेली, पंधरा वर्षांची हमी.
मी बासष्टची. मनात बेरीज केली
आणि त्याला काही बोलले नाही.
प्लास्टिकची एका हाताने उचलली,
दुधाच्या जुन्या बाटल्यांची, म्हणाला,
आणि तिला खरंच काही वजन नव्हतं.
मग काँक्रीटची.
सहा इंच रुंद, सहा फूट लांब, अठ्ठावीस किलो,
राखेच्या रंगाची, रुसून बसल्यासारखी.
ही तुमच्यानंतरही राहील,
तो सहज बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला.
मी म्हटलं, तीन दे.

कुंपण आमचं, ते घराच्या कागदांवर लिहिलंय.
तरी ग्लेनिस ओल्डरॉइड आली,
चौऱ्याहत्तर वर्षांची, गेलेल्या नवऱ्याचे हातमोजे घालून.
दोघींनी खांबांच्या खाचांतून पॅनेल वर ओढलं
आणि आडवं ठेवलं गवतावर, आजाऱ्याला ठेवतात तसं.

दुपारभर मध्ये काहीच नव्हतं.
तिचा रूबार्ब, माझी मेथी,
तिच्या दोरीवरचे टॉवेल, माझ्या दोरीवरचे परकर,
सगळे एकमेकांकडे बघत होते.
आम्ही दोघी मात्र चर खणत होतो, खाली मान घालून.

कुजलेली कड करवतीने कापली.
आई इचलकरंजीत अशीच
झिजलेला काठ कापायची, आधी डोळ्यांशी नेऊन,
आणि म्हणायची, साडी कितीही भारी घे,
ती विरते टाचेपाशी.
मग आतून पट्टी लावायची, टाका बाहेर न दाखवता.
साडीमागे सहा रुपये. बीडिंगचे वेगळे.

फळी खाचेत उतरवताना ग्लेनिसचा श्वास शिटीसारखा वाजला.
लेव्हलच्या काचेतला बुडबुडा
उताराकडे पळायचा, पुन्हा यायचा,
पुन्हा पळायचा.
तिच्या बाजूला खडी कमी पडली.
तिने घरून मोजाभर आणली, खरोखरच्या मोज्यात.

तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?
मी म्हटलं, फॉल.
ती फळीवरून पटकन उठली.
पडणार आहे?
नाही गं, म्हटलं, हा शब्द तुमचाच,
पण आमच्याकडे आल्यावर तो
कापडाला खालून धरून राहतो.
तिने थोडा विचार केला.
मग पुन्हा बसली, आधीपेक्षा जड.

पॅनेल वर चढलं. दोन इंच उंची वाढली.
मला आता तिची टोपी दिसत नव्हती, फक्त तिचा आवाज:
हेजहॉगचं काय?
ते विसरलेच होते मी.
रात्रीतून मैलभर फिरतात म्हणे बिचारे,
आणि आपण त्यांच्या रस्त्यात अठ्ठावीस किलो ठेवले.
मग एका फळीखालून माती काढली,
तिने तिकडून, मी इकडून,
वाटीएवढी वाट होईपर्यंत.
मध्ये कुठेतरी तिची बोटं माझ्या बोटांना लागली.
हातमोजे काढले होते तिने.

तीन आठवडे काही नाही.
मग रविवारी सहाला फोन:
ये, ये, त्याने माझ्या गवतात घाण केलीय!
कुणी मुलगा झाल्याचं सांगावं तशा आवाजात.
मी तशीच निघाले,
समोरच्या फाटकातून, वळसा घालून.
पोचेपर्यंत गाऊनची कड
दवाने घोट्यापर्यंत भिजली होती.